घरचं पिकगार्ड : माप, माल आणि विदर्भाचं ऊन

गिटारच्या अंगावर तारांच्या खाली बसवलेली पातळ पत्री म्हणजे पिकगार्ड. ही पत्री तुटली, वाकली किंवा नकोशी झाली की नागपुरातल्या वाजवणाऱ्यापुढे मोजकेच मार्ग असतात. तयार गार्ड मागवावं तर स्क्रूची भोकं जुळत नाहीत. जुनं तसंच ठेवावं तर मन लागत नाही. तिसरा मार्ग म्हणजे ते स्वतः करणं. कळमन्यासारख्या वस्तीत राहणाऱ्याला हा मार्ग सर्वांत जवळचा आहे, असं माझं ठाम मत आहे. कळमन्याची ओळख संत्री, मिरची आणि धान्याच्या बाजारामुळे आहे. पण तिथून थोड्याच अंतरावर लकडगंजचा लाकूडबाजार आहे, इतवारीत हार्डवेअर आणि विजेच्या सामानाच्या पेढ्या आहेत, आणि दुकानांच्या पाट्या करणारे तर शहरभर आहेत. पिकगार्डला लागणारं जवळपास सगळं या तीन ठिकाणी मिळतं. प्रश्न उरतो तो कोणता माल घ्यावा, तो कसा कापावा आणि आधी काय ठरवावं याचा. या तिन्ही बाबतींत आजवर काय काय करून पाहिलं गेलं आणि त्यातलं आपल्या हवेत काय टिकतं, हे या लेखात पाहायचं आहे.

गार्ड नेमकं कशासाठी

पिकगार्डवर तीन कामं असतात आणि ती वेगळी ओळखली नाहीत तर पुढचा प्रत्येक निर्णय चुकतो. पहिलं काम रक्षणाचं. तारा छेडायच्या पिकचा फटका लाकडावर आणि पॉलिशवर बसू नये, एवढंच. हे काम किती खरं आहे ते पाहायचं असेल तर अमेरिकी गायक विली नेल्सन यांची ‘ट्रिगर’ ही गिटार पाहावी. १९६९ मध्ये घेतलेली ही मार्टिन कंपनीची नायलॉन तारांची गिटार. तिला गार्ड नव्हतं, कारण अशा गिटारी बोटांनी वाजवायच्या असतात. नेल्सन ती पिकने वाजवत राहिले आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने तिच्या वरच्या फळीला आरपार भोक पडलं. स्पेनच्या फ्लामेंको गिटारींवर याच कारणासाठी पातळ पारदर्शक पत्री चिकटवतात, कारण तिथे बोटांनी फळीवर ताल धरणं हा वादनाचाच भाग असतो.

दुसरं काम इलेक्ट्रिक गिटारपुरतं आहे. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या गिटारीत तारांचा कंप टिपणारे पिकअप, आवाजाचे नॉब आणि स्विच लाकडाला जोडलेले नसतात, ते गार्डला टांगलेले असतात. गार्ड काढलं की गिटारचा सगळा विजेचा संसार त्याच्याबरोबर बाहेर येतो. इथे गार्ड म्हणजे वाद्याचा सांगाडा असतो आणि त्याला ताकद लागते.

तिसरं काम शोभेचं. गिब्सनच्या १९६० सालच्या ‘हमिंगबर्ड’ गिटारीचं नाव आणि रूप दोन्ही गार्डवर कोरलेल्या पक्ष्यामुळे आहे. बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन यांनी १९६७ मध्ये आपली स्ट्रॅटोकास्टर स्वतः रंगवली, गार्डसकट. लंडनचे कारागीर टोनी झेमायटिस यांनी तर गिटारीच्या दर्शनी भागावर धातूचा पत्रा चढवला आणि बंदुकांवर नक्षी कोरणाऱ्या डॅनी ओब्रायन यांच्याकडून तो कोरून घेतला. त्या पत्र्यामागचा मूळ हेतू विजेची गुणगुण कमी करण्याचा होता. शोभा आणि उपयोग यांची इतकी घट्ट गाठ इतरत्र क्वचितच सापडेल.

शंभर वर्षांचा माल

गिब्सनच्या जुन्या वाद्यांवरच्या उंचावलेल्या गार्डवर १९०९ सालच्या पेटंटचा शिक्का असे. म्हणजे ही कल्पना शतकाहून जुनी आहे. १९३० च्या सुमारास मार्टिनच्या अकूस्टिक गिटारींवर कासवाच्या पाठीसारखं दिसणारं थेंबाच्या आकाराचं गार्ड रुळलं. तो माल म्हणजे सेल्युलॉइड. स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली तेव्हा तिचं गार्ड एकाच थराचं आणि आठ स्क्रूंचं होतं. १९५९ पासून तीन थरांचं, अकरा स्क्रूंचं गार्ड आलं आणि आज बाजारात ‘नेहमीचं’ म्हणून दिसतं ते त्याच घराण्यातलं. मधल्या काळात १९५७ च्या फेंडर प्रिसिजन बेसवर सोनेरी छटेचं अॅल्युमिनियमही येऊन गेलं.

सेल्युलॉइडचा मोह आजही सुटत नाही, कारण त्यातली रंगांची खोली दुसऱ्या प्लास्टिकला साधत नाही. पण त्याचे दोन दोष घरी काम करणाऱ्याने लक्षात ठेवायलाच हवेत. पहिला म्हणजे ते काळाबरोबर आकसतं. मार्टिनने अनेक दशकं गार्ड थेट कोऱ्या लाकडावर चिकटवलं. सेल्युलॉइड आकसलं आणि त्याने ओढलेल्या फळ्यांना तडे गेले. जुन्या मार्टिन दुरुस्त करणाऱ्यांना हा तडा पाठ असतो. दुसरा दोष आगीचा. गार्डचं सेल्युलॉइड आणि जुन्या चित्रपटांची नायट्रेट फिल्म एकाच कुळातली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि मूकपटांच्या काळातला मोठा ठेवा गेला. असा माल घरात यंत्राने घासणं, कापणं किंवा त्यावर गरम हत्यार चालवणं मुळीच करू नये.

खऱ्या कासवाच्या पाठीचा तर विचारही नको. ज्या कासवाच्या कवचाची नक्कल सेल्युलॉइड करतं त्या हॉक्सबिल कासवाला भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कडक संरक्षण आहे.

सेल्युलॉइडवर हाताने काम करण्याची सर्वांत श्रीमंत परंपरा मात्र महाराष्ट्रातच आहे, मिरजेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. पुढे सांगली–मिरजेचे तानपुरे आणि सतारी देशभर गेल्या आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर–मंगळवेढ्याच्या बाजूचा कडू भोपळा, तुणीचं लाकूड आणि कडेने पांढऱ्या पट्ट्यांची नक्षी हे तिथलं रूप. एकेकाळी हस्तिदंत आणि सांबरशिंग जिथे लागे तिथे आता प्लास्टिकच्या पत्र्या आल्या. पातळ पत्री बारीक करवतीने कापायची, कानसीने कड मारायची, वाद्याच्या वळणावर बसवायची आणि मग पॉलिश करायची, हा मिरजेचा क्रम गिटारच्या गार्डलाही तसाच्या तसा लागू पडतो. गिटारवाल्यांनी परदेशी चित्रफिती पाहण्याआधी मिरजेच्या कारखान्यात एक दुपार घालवावी, असं मी मनापासून सुचवतो.

आज इथे काय मिळतं

पाट्या करणाऱ्यांकडे सर्वांत सहज मिळतं ते अॅक्रिलिक. रंग भरपूर, चकाकी उत्तम, लेझरने सुरेख कापलं जातं. त्यातही ओतून केलेली, म्हणजे कास्ट शीट मागावी. दाबून काढलेल्या स्वस्त शीटपेक्षा ती लेझरखाली स्वच्छ कापली जाते आणि कोरीवकाम पांढरं उठून दिसतं. पण अॅक्रिलिक ठिसूळ आहे. स्क्रू जास्त आवळला की भोकापासून चीर जाते. लेझरने कापलेल्या कडेत ताण अडकून राहतो आणि अशी कड स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसली की तिथे बारीक चिरांचं जाळं उमटतं. साबणाचं पाणी आणि मऊ कापड एवढंच वापरावं.

नावाच्या पाट्या कोरणाऱ्यांकडे दुरंगी एन्ग्रेव्हिंग शीट असते, वर एक रंग आणि आत दुसरा. कड तिरपी केली की आतला रंग रेघेसारखा दिसतो. कारखान्याच्या तीन थरांच्या गार्डचं हेच तर सौंदर्य. जाडी कमी वाटली तर मागे दुसरी पातळ शीट जोडता येते.

कारखान्यातली बहुतेक गार्डं पीव्हीसीची असतात, जाडी साधारण सव्वादोन ते अडीच मिलिमीटर. पीव्हीसी चिवट आहे आणि स्क्रूला फाटत नाही. पण ते लेझरवर कधीही द्यायचं नाही. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू सुटतो, जो फुप्फुसालाही घातक आणि यंत्राच्या लोखंडालाही. समजदार लेझरवाला स्वतःच नकार देतो. नकार देणारा दुकानदार मिळाला तर त्याच्याकडेच पुढची सगळी कामं न्यावीत.

माझी सर्वांत आग्रहाची शिफारस मात्र एका साध्या मालाची आहे, तो म्हणजे हायलम. विजेच्या बोर्डांवर अनेक वर्षं बसलेली ही तपकिरी किंवा काळी फिनोलिक शीट इतवारीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानात विचारली तर मिळते. अॅक्रिलिक आणि पीव्हीसी उष्णतेने मऊ होतात, हायलम होत नाही. एकदा घट्ट झालेलं हे राळेचं जाळं परत वितळत नाही. काळं हायलम बारीक पॉलिश पेपरने घासून मेण लावलं की जुन्या टेलिकास्टरच्या काळ्या गार्डची गंभीर शोभा येते. ते लेझरवर जळून कोळसा होतं, म्हणून करवत किंवा राउटर वापरावा, आणि त्याची धूळ छातीत जाऊ नये म्हणून तोंडावर चांगला मास्क बांधावा.

लाकडाचं गार्ड हा लकडगंजच्या शेजाऱ्यांचा हक्काचा मोह. सीपी टीक म्हणून ओळखलं जाणारं जुन्या मध्य प्रांतातलं सागवान नावाजलेलं आहे. पण दोन-तीन मिलिमीटरचा सलग तुकडा स्क्रूच्या ओळीत हमखास फाटतो. उपाय जुना आहे. तीन व्हिनिअर एकमेकांना आडवी ठेवून चिकटवायची, म्हणजे पातळ प्लायच तयार होतं. सागात तेल असतं, तेव्हा गोंद लावण्यापूर्वी पृष्ठभाग अॅसिटोनने पुसून लगेच जोडावा, नाहीतर थर सुटतात. सनमायकाही याच पद्धतीने पातळ प्लायवर चढवता येतो.

अॅल्युमिनियम टिकाऊ आणि देखणं आहे, गुणगुण अडवण्यातही मदत करतं. पण पिकअपभोवतीच्या धातूत प्रवाहाचे भोवरे उठतात आणि आवाजाची धार किंचित बोथट होऊ शकते. ज्यांना तार लख्ख हवी त्यांनी हे ध्यानात ठेवावं. पाट्यांच्या दुकानातला एसीपी, म्हणजे दोन अॅल्युमिनियम पापुद्र्यांमध्ये प्लास्टिक, सोपा वाटतो. पण त्याची कड उघडी राहते आणि तिरपी केली तर आतलं प्लास्टिक दिसतं. तो मी या कामाला निवडणार नाही.

उन्हाचा हिशेब

बाहेरच्या पुस्तकांत हा भाग सापडत नाही आणि विदर्भात तो सर्वांत महत्त्वाचा आहे. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी वर चढतो. पीव्हीसी सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं, अॅक्रिलिक शंभराच्या आसपास. खिडकीच्या उन्हात ठेवलेल्या गिटारवरचं काळं पीव्हीसी गार्ड तापून लहरी धरतं ते यामुळेच.

मऊ होण्याइतकंच फुगणंही महत्त्वाचं. अॅक्रिलिकची एक मीटर पट्टी प्रत्येक अंशाला सुमारे सत्तर मायक्रोमीटर लांबते, लाकूड आपल्या शिरांच्या दिशेने त्याच्या दशांशानेही नाही. तीस सेंटिमीटरचं गार्ड जानेवारीच्या दहा अंशांतल्या पहाटेपासून साठ अंशांच्या गाडीपर्यंत गेलं तर जवळजवळ एक मिलिमीटर वाढतं. भोकं स्क्रूच्या मापाची घट्ट असतील तर ही वाढ कुठे जाणार? गार्ड मधून फुगतं किंवा भोकापाशी तडकतं. म्हणून गार्डातली भोकं स्क्रूपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर मोठी ठेवावीत आणि स्क्रू हाताने, अंगठ्याच्या जोराने थांबतील इतकेच आवळावेत. अकूस्टिकवर गार्ड चिकटवायचं असेल तर पॉलिशवरच चिकटवावं, कोऱ्या लाकडावर नव्हे.

कोरड्या हवेचा त्रास वेगळा. एप्रिलच्या आणि थंडीच्या सुक्या हवेत प्लास्टिकच्या गार्डवर हात घासला की स्थिर वीज साठते आणि अॅम्पमधून कडकड ऐकू येते. उपाय म्हणजे गार्डच्या मागे तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची पातळ पत्री चिकटवून ती गिटारच्या वायरिंगमधल्या ग्राउंडच्या तारेला जोडणं. तीच पत्री आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेची गुणगुणही काही अंशी कमी करते. एका कामात दोन त्रास हलके होतात.

माप हीच खरी कारागिरी

मालापेक्षाही मापावर जास्त वेळ द्यावा. कापणं पैसे देऊन करून घेता येतं, माप मात्र आपल्याच गिटारचं आणि आपल्याच हाताने घ्यावं लागतं. एकाच आकाराच्या गिटारी वेगवेगळ्या देशांतल्या कारखान्यांत बनतात आणि भोकांच्या जागा सरकतात. म्हणूनच तयार गार्ड बसत नाही. कोलकात्यातल्या गिवसनसारख्या जुन्या देशी गिटारींना तर तयार गार्ड मिळणंच अवघड.

जुनं गार्ड शाबूत असेल तर ते सपाट स्कॅनरवर ठेवावं, शेजारी पट्टी ठेवावी आणि दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडावं. पट्टीच्या खुणेवरून माप खरं आहे की नाही ते कळतं. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करावा. तो मापाचे दोन-तीन टक्के खातो आणि सगळं काम वाया घालवतो.

जुनं गार्ड नसेल तर क्रम बदलतो. आधी मानेच्या मध्यापासून घोडीच्या मध्यापर्यंत दोरा ताणून मध्यरेषा काढावी. मग मानेचा आणि घोडीचा कापलेला भाग, मग तारांच्या बरोबर खाली पिकअपची जागा, त्यानंतर नॉब आणि स्विच, आणि सगळ्यात शेवटी स्क्रूची भोकं. नॉबच्या दांड्याचं भोक मोजून घ्यावं. अमेरिकी मापाच्या पॉटला सुमारे साडेनऊ मिलिमीटर लागतं, मेट्रिक पॉटला सात-आठ. कड आणि भोकं यांत निदान तीन-चार मिलिमीटरचं अंतर असावं.

मग कार्डबोर्डचा साचा कापून गिटारवर ठेवावा. तो बसला की तीन मिलिमीटरच्या एमडीएफचा. तोही बसला तरच खरा माल. लेझरचा झोत मिलिमीटरच्या दहाव्या ते पाचव्या भागाइतका माल खातो, तेव्हा पिकअपच्या खाचा पहिल्या एमडीएफच्या साच्यावरच पिकअप घालून तपासाव्यात.

कापण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग हाताचा : बारीक दात्यांची करवत, कानस आणि पॉलिश पेपर. रेषेच्या बाहेरून अर्धा मिलिमीटर सोडून कापायचं आणि कानसीने रेषेपर्यंत यायचं. पीव्हीसी आणि हायलमला हा मार्ग चांगला. वेळ लागतो, पण हाताला माल कळतो आणि साध्या घरात, कमी आवाजात काम होतं.

दुसरा राउटरचा. एमडीएफचा पक्का साचा मालावर चिकटवून बेअरिंगच्या बिटने फिरवलं की साच्याची हुबेहूब नक्कल मिळते. तिरपी कडही त्याच यंत्राने, पंचेचाळीस अंशांच्या बिटने. चष्मा आणि मास्क हवेतच. लकडगंजच्या फर्निचर कारागिरांकडे राउटर असतो. साचा आपण नेला तर ते थोडक्या वेळात काम करून देतात.

तिसरा लेझर किंवा सीएनसीचा. अॅक्रिलिक आणि दुरंगी शीटसाठी हा मार्ग सर्वांत अचूक. फाइल डीएक्सएफमध्ये आणि एकक मिलिमीटरमध्ये आहे, हे दुकानदाराला आधी तोंडी सांगावं. लेझरने मात्र कड सरळ निघते. तिरपी कड नंतर कानसीने किंवा खरवडून काढावी लागते.

अॅक्रिलिकला भोक पाडताना ड्रिल हळू फिरवावं, खाली लाकडाचा तुकडा ठेवावा आणि शेवटच्या क्षणी दाब सोडावा. बिट पलीकडे निघताना ओढ घेतं आणि पत्री तडकते.

आवाजावर परिणाम होतो का

इलेक्ट्रिक गिटारीत गार्डच्या मालाने आवाज बदलतो, हा वाद मोठा आहे. माझ्या मते धातू सोडला तर फरक ऐकू येण्याइतका नसतो. पिकअपची उंची एक मिलिमीटर हलवली तर त्याहून जास्त फरक पडतो. अकूस्टिकचं मात्र वेगळं. तिथे वरची फळीच बोलते आणि तिच्यावर जाड, मोठं गार्ड चिकटवणं म्हणजे तिच्यावर ओझं ठेवणं. अकूस्टिकसाठी गार्ड एक मिलिमीटरच्या आतलं, लहान आणि फक्त जिथे पिक लागतं तिथेच असावं.

मग काय निवडावं

सगळं तपासल्यावर माझा क्रम असा आहे. अकूस्टिकसाठी एक मिलिमीटरच्या आतली पातळ पत्री, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पातळ टेपने, पॉलिशवर. इलेक्ट्रिकसाठी, रंगाचा हट्ट नसेल तर हायलम. हट्ट असेल तर दुरंगी शीट किंवा कास्ट अॅक्रिलिक, मोठ्या भोकांसह. पीव्हीसी वापरायचं तर फक्त हाताने किंवा राउटरने. लाकूड हवं तर तीन थर आडवे. पहिल्याच प्रयोगात पिकअप, वायरिंग आणि नक्षी सगळं एकदम बदलू नये. आधी गार्ड बसवावं, गिटार वाजवून पाहावी, मग पुढे जावं.

शेवटची शिफारस मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गार्ड तयार झालं की त्याची मिलिमीटरमधली फाइल गिटारच्या कंपनीचं नाव, मॉडेल आणि अंदाजे साल लिहून जपून ठेवा आणि मागणाऱ्याला द्या. विदर्भातल्या अनेक घरांत जुन्या देशी गिटारी फुटक्या गार्डमुळे कोपऱ्यात पडून आहेत. त्यांच्यासाठी सुटे भाग मिळणं अवघड आहे. एकाने घेतलेलं बरोबर माप दहा जणांचं काम वाचवतं. नागपुरातल्या वाजवणाऱ्यांनी आणि पाट्यांच्या दुकानदारांनी मिळून असा मापांचा साठा उभा केला, तर या गिटारी पुन्हा वाजू लागतील आणि ते काम कळमन्याच्या आसपास सुरू व्हायला आजच काही अडचण नाही.